नारळाचं दूध टिकवणारी टाकी

मी एक जुनी स्टीलची टाकी आहे. मित्रांनो, माझ्यात पाणी साठवत नाहीत, जिवाणू वाढवतात. म्हणून मला फर्मेंटर म्हणतात. पुण्याच्या कारखान्यात घडून मी अलिबागजवळच्या एका कॉलेजात आले. सुरुवातीला पाहुण्यांना आधी मलाच दाखवत. पुढे मला चालवणारे सर निवृत्त झाले. खाऱ्या हवेने माझे बोल्ट गंजले आणि झाकणावर झाडू, फडकी ठेवू लागले.

बऱ्याच वर्षांनी नेत्रा म्हात्रे मॅडम तिथे शिकवायला आल्या. त्या उरणच्या, मिठागरवाल्या घरातल्या. एकदा मुरुडच्या कोकिळाताई त्यांना भेटायला आल्या. ताईंचा बायकांचा गट नारळाचं दूध बाटल्यांत भरून विकायचा. बाटल्या फ्रिजमध्येही फुगायच्या, म्हणून दुकानदारांनी माल घेणं थांबवलं होतं.

"पावडरी टाकून टिकवायचं तर मला न्हाय जमायचं," ताई म्हणाल्या. "आमची पोरंपण तेच पितात."

मॅडम म्हणाल्या, "ताई, दही लावणाऱ्या जिवाणूंपैकी काही असा पदार्थ तयार करतात, की अन्न नासवणारे बरेच जंतू त्याने मरतात. तो पुरेसा मिळवून बघू."

मला घासूनपुसून कामाला लावलं. जिवाणू वाढले, पण स्वतःच तयार केलेल्या आम्लात गुदमरले. पदार्थ जेमतेम मिळाला. मग आम्ल वाढेल तसा त्याचा जोर कमी करणारा द्राव थेंबाथेंबाने सोडायची सोय मॅडमनी केली. पुढच्या खेपेला पदार्थ कितीतरी जास्त मिळाला.

त्यानंतरच्या खेपेला मात्र उग्र वास आला. माझ्या झाकणाखालची रबरी कडी जुनी होऊन चिरली होती. तिथून परके जंतू शिरले होते.

"मॅडम, गाळून घेऊ का? ताई उद्या येणारेत," प्रयोगशाळेतला अल्पेश म्हणाला.

"नको. हे लोकांच्या पोटात जाणार आहे."

सगळं उकळून ओतून दिलं. ताई रिकाम्या हाताने परत गेल्या. त्याच आठवड्यात गटातल्या दोघी लॉजवर कामाला लागल्या.

नवी कडी बसवली आणि पुढची खेप स्वच्छ उतरली. मॅडमनी पदार्थ शुद्ध करून, तपासून, ठरलेल्या मापात नारळाच्या दुधात मिसळला. या वेळी बाटल्या फुगल्या नाहीत. ताईंनी एक उघडली, वास घेतला, घोट घेतला.

"नारळच लागतोय. दुसरं काय न्हाय." मग बाटलीला झाकण लावत त्यांनी विचारलं, "त्या दोघींना परत बोलवू?"

"बोलवा," मॅडम म्हणाल्या.

एकजण आली. दुसरीला लॉजवरचं काम सोडवेना.

मित्रांनो, आता दसऱ्याला मलाही झेंडूचा हार मिळतो. हार जरूर घाला. पण वर्षातल्या बाकीच्या दिवसांतही कधीतरी आम्हा जुन्या यंत्रांची झाकणं उघडून आत बघा.