कॅप्टन शौर्यकेतूचे काढलेले पार्ट

थेरगावात डांगे चौकाच्या अलीकडे, एका गल्लीच्या तोंडाशी रहिमानचाचांचं गॅरेज आहे. चाळीस वर्षांत त्यांनी किती इंजिनं उघडली याचा हिशेब त्यांनाही ठाऊक नाही. पण पुस्तकातलं इंजिन उघडायची पाळी त्यांच्यावर आली ती नातीमुळे.

जास्मिन दहा वर्षांची. शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट गॅरेजात यायची आणि जुन्या टायरवर बसून वाचत राहायची. बालवाचनालयात ‘अवकाशरक्षक शौर्यकेतू’ नावाची मालिका होती. एकवीस भाग. पोरगी वेड्यासारखी त्यांच्यामागे लागली होती. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा चाचांनी चष्मा लावून चौदावा भाग हातात घेतला. कॅप्टन शौर्यकेतूचं यान ‘विद्युल्लता’ शनीच्या पलीकडे बंद पडलं होतं. दुष्ट सम्राट तमासुराचा ताफा पृथ्वीच्या दिशेने निघाला होता. मग कॅप्टनने डोळे मिटले, यंत्रावर हात ठेवला आणि म्हणाला, “विद्युल्लते, जागी हो!” इंजिन सुरू.

चाचांनी पान उलटून पाहिलं. परत मागे आले.

“झालं? नट तरी खोलला का याने?”

“दादाजान, तो कॅप्टन आहे.”

“मग असू दे की. पाना कुठाय? बिघाड काय होता, ते तरी लिहायचं. बंद पडलं कशाने, चालू झालं कशाने?”

“मनाच्या शक्तीने,” जास्मिन म्हणाली, आणि तिलाच हसू फुटलं.

“आपल्याकडे आणलं असतं तर दाखवली असती शक्ती,” चाचा म्हणाले.

तिथून सुरुवात झाली. जास्मिनने वही काढली. चाचा सांगायचे, दोघं भांडायचे, मग एकेक ओळ कागदावर उतरायची. विद्युल्लता डांगे चौकात उतरते आणि लोक तिला ढकलत रहिमान उस्तादच्या गॅरेजात आणतात. उस्ताद पहिला प्रश्न विचारतो, “आधी कुणाला दाखवली होती?” कॅप्टन खाली मान घालून सांगतो, “मंगळावर एकाने खोलली होती.” उस्ताद म्हणतो, “तरीच.” पार्ट भोसरीहून आणावा लागणार असतो, पण तो दिवस गुरुवार, एमआयडीसीला सुट्टी. म्हणजे विश्व शुक्रवारी वाचणार. कॅप्टन घाबरतो, की तोवर तमासुर पोहोचेल. उस्ताद त्याला चहा देतो आणि सांगतो की तमासुराचा ताफा सकाळपासून चाकण चौकात अडकलाय, सिग्नल काही सुटत नाही, निवांत बसा.

एक वाक्य मात्र सबंध जास्मिनचं होतं. कॅप्टन छाती काढून ओरडतो, “मला विश्व वाचवायचंय!” आणि उस्ताद मान वर न करता म्हणतो, “नंबर लागेल. तुमच्या आधी टेम्पो आहे.”

हे ऐकून चाचा इतके हसले की हातातला प्लग खाली पडला. गॅरेजाचं सगळं गणित पोरीने एका ओळीत बसवलं होतं. ज्याने आधी गाडी लावली, त्याची आधी. मग मागे कॅप्टन असो नाहीतर नगरसेवक.

बालवाचनालय चालवणाऱ्या सुमनताई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या ब्रेक दुरुस्त करायला स्कूटर घेऊन आल्या, तेव्हा जास्मिनने त्यांना वही दाखवली. ताईंनी दोन पानं वाचली, हसल्या आणि म्हणाल्या, “वाचनालयाची स्मरणिका निघतेय. देता का छापायला?”

चाचांनी हात पुसले आणि होकार दिला. काम झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे झिजलेले ब्रेक शू वर्तमानपत्रात गुंडाळून ताईंच्या हातात दिले.

“हे घेऊन मी काय करू, चाचा?”

“टाका. पण घरी नेऊन टाका. काय काढलं ते गिऱ्हाईकाने बघायला पाहिजे. नाहीतर मी नवं घातलं, का जुनंच पुसून बसवलं, तुम्हाला कसं कळणार?”

ताई हसत पुडी घेऊन गेल्या. जास्मिनने दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगून टाकलं की तिचं वाक्य पुस्तकात छापून येणार आहे. चाचांनीही तिला शब्द दिला, “बाकीचं माहीत नाही, पण टेम्पो येणार.”

आठवड्याने कच्चं प्रूफ आलं. चाचांनी ते काउंटरवर पसरलं आणि वाचता वाचता त्यांचं डोकं तापायला लागलं. ‘गॅरेज’ नव्हतं, तिथे ‘दुरुस्ती केंद्र’ होतं. ‘तरीच’ गेलं होतं. कॅप्टनला उस्ताद स्टुलावर बसवायचा, तो आता ‘सन्मानाने आसनस्थ’ झाला होता. चाचा दुकान अर्धं बंद करून वाचनालयात गेले.

“अहो, शौर्यकेतू मुलांचा आदर्श आहे,” सुमनताई म्हणाल्या. “चेष्टा करा, पण जरा मायेने.”

“माया आहे म्हणूनच चहा पाजला ना त्याला. आम्ही सगळ्यांना पाजत नाही.”

“आणि ते टेम्पोचं. विश्व संकटात, आणि टेम्पो आधी? मुलांनी यातून काय घ्यायचं?”

“रांगेत उभं राहायचं, हे घ्यायचं,” चाचा म्हणाले. “बाई, टेम्पोवाल्याने सकाळी आठला गाडी लावलीय. टेम्पोत भाजी सडतेय. त्याचंही विश्वच आहे ते.”

ताईंचा भाचा शेखर संगणकावर बसला होता. तो चाकणला एका कंपनीत ड्रॉइंग करायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्मरणिकेची पानं लावायचा. त्याने मान वळवली. “चाचा, मला दुसरीच शंका आहे. एवढं यान चौकात उतरलं तर उष्णतेने अर्धं थेरगाव भाजून निघेल. मी लिहिलंय की ते आधी कक्षेत थांबतं, मग छोट्या यानातून कॅप्टन खाली येतो.”

“मग ढकलत कोण आणणार? पोरांना तेच आवडलंय, ढकलणं.”

“विज्ञानात बसत नाही ना पण.”

“आणि हात ठेवून इंजिन चालू करणं बसतं?”

“ते मूळ लेखकाचं आहे,” शेखर शांतपणे म्हणाला.

गाडीचा एक नट आवळावा, तर दुसऱ्या बाजूचा सैल व्हावा, तसं झालं होतं. त्या दिवशी त्यांनी ‘गॅरेज’ परत मिळवलं. दुसऱ्या प्रूफात ‘गॅरेज’ होतं, पण गुरुवार नव्हता. ताईंच्या मते बाहेरच्या वाचकाला सुट्टीचं समजणार नाही. चाचा पुन्हा गेले. गुरुवार आला, तर चाकण चौक गेला. रस्त्यांवर टीका केल्यासारखं वाटतं म्हणे. तिसऱ्या खेपेला चाचांनी हात जोडले.

“ताई, तुम्हाला काय हवं ते करा. एवढी टेम्पोची ओळ राहू द्या. पोरीला शब्द दिलाय.”

“राहू देते,” सुमनताई म्हणाल्या. “माझाही शब्द.”

घरी बायकोने, रोशनबीने, विचारलं, “काय जी, झालं का तुमचं पुस्तक दुरुस्त?”

“दुरुस्त नाही, भंगार केलं. पण टेम्पो वाचवला.”

पुढच्या गुरुवारी सकाळी डेअरीवाले उद्धवराव बंद स्कूटर ढकलत आले. ती स्टँडला लावून त्यांनी हात मागे बांधले आणि चाचांसमोर उभे राहिले.

“घ्या, ठेवा हात.”

“कसला हात?”

“तुमचा हो. पाना-बिना काय काढू नका. नुसतं म्हणा, जागी हो. आमी वाचलंय सगळं.” उद्धवरावांनी पिशवीतून स्मरणिका काढली. त्यांची जाहिरात असल्यामुळे त्यांना प्रत आधी मिळाली होती. “एवढी विद्या हाय हातात, आन दर वेळेला मला दोन तास बसवता व्हय?”

चाचांनी पान उघडलं. वर मोठ्या अक्षरात त्यांचं नाव होतं. खाली कथा होती. यान कक्षेत थांबलं. कॅप्टन सन्मानाने आला. रहिमान उस्तादने, म्हणजे खुद्द त्यांनी, डोळे मिटून यंत्रावर हात ठेवला आणि म्हटलं, “विद्युल्लते, जागी हो!” इंजिन सुरू झालं. कॅप्टनने उस्तादला मिठी मारली. टेम्पो कुठेच नव्हता. टेम्पोच्या जागी चौकट होती आणि चौकटीत लिहिलं होतं, उद्धवराव यांची शुद्ध दूध डेअरी, खवा ऑर्डरप्रमाणे.

चाळीस वर्षं. एकदाही हात ठेवून गाडी चालू केली नव्हती. हात काळे केले होते, बोटं चिरडून घेतली होती. आणि छापून काय आलं, तर हे.

“काय झालं चाचा?”

“काही नाही. प्लग बघतो.”

दुपारी जास्मिन आली. तिने कथा वाचली, परत वाचली, पान उलटून मागे पाहिलं, जसं चाचांनी त्या दिवशी पाहिलं होतं. रडली नाही. दप्तराचा बंद ओढत म्हणाली, “वर्गात सगळ्यांना सांगितलंय मी. रविवारी प्रकाशनाला सगळे येणारेत.” आणि पहिल्यांदाच टायरवर न बसता घरी गेली.

चाचांनी शटर ओढलं.

वाचनालयात सुमनताई त्यांना बघून उठूनच उभ्या राहिल्या. “चाचा, माझं ऐका. शेवटच्या दिवशी पान भरलं. जाहिरातीची चौकट बसेना. शेखर म्हणाला दोन ओळी काढू. आणि टेम्पो नाही म्हणजे कॅप्टनला थांबवायला कारण उरेना, म्हणून मग शेवट थोडा…”

“हात मी ठेवला त्यात.”

“आदराने केलं हो. तुम्हाला नायक केलं.”

“मी कधी मागितलं होतं?” चाचांचा आवाज चढला, तसा त्यांनीच तो खाली आणला. “दोनशे प्रती छापून झाल्यात. परत छापा म्हणत नाही. तुम्ही नवा पार्ट बसवलात, राहू द्या. पण जुना माझ्या हातात द्या.”

ताईंना क्षणभर कळेना. मग कळलं, कारण त्यांची नजर कपाटावर गेली. तिथे वर्तमानपत्राची ती पुडी अजून तशीच पडली होती.

“काढलेलं आता कुठून आणू?” त्या पुटपुटल्या.

“आहे,” शेखर खुर्चीतून म्हणाला. “कंपनीची सवय. जुनं ड्रॉइंग कधी पुसत नाही, उद्या कुणी विचारलं तर?” त्याने फाईल उघडली. पडद्यावर लाल रेघ मारलेल्या ओळी एकाखाली एक उभ्या होत्या. ढकलणारे लोक, मंगळावरचा मेकॅनिक, तरीच, गुरुवार, चाकण चौक. सगळ्यात खाली टेम्पो.

“एवढ्याच छाप,” चाचा म्हणाले. “जशाच्या तशा. आणि हात लावू नकोस, शपथ आहे तुला.”

“एक अनुस्वार राहिलाय चाचा…”

“राहू दे!”

अर्ध्या पानाचा कागद झाला. दोनशे झेरॉक्स काढल्या. शनिवारी दिवसभर रोशनबी, जास्मिन आणि चाचा वाचनालयाच्या सतरंजीवर बसून प्रत्येक प्रतीत एकेक कागद घडी करून घालत होते. कागदाच्या वर जास्मिनने शेखरला सांगून एवढंच लिहून घेतलं होतं: ‘या कथेतून काढलेले पार्ट. घरी नेऊन बघावेत.’

“आयुष्यभर गाड्यांचं केलं, आता पुस्तकांचं,” रोशनबी घड्या घालत म्हणाली. “उद्या माझ्या स्वयंपाकातून काय काढलं ते पण पुडीत बांधून मागाल.”

रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. दिवा लागला, भाषणं झाली, प्रती वाटल्या गेल्या. पाहुणे बोलत असतानाच मागच्या रांगेत, जास्मिनच्या वर्गातली मुलं बसली होती तिथे, कुणीतरी खुदकन हसलं. मग कागद उलगडल्याचे आवाज आले. मग ती सगळी रांगच हसायला लागली आणि पाहुण्यांना वाटलं, आपण काहीतरी छान बोललो. उद्धवराव कागद नाकाजवळ धरून वाचत होते. “तरीच!” ते मोठ्याने म्हणाले आणि मांडीवर थाप मारली.

चाचा हसले नाहीत. त्यांच्या मांडीवर स्मरणिका उघडी होती आणि तिच्यात त्यांचा हात अजून इंजिनावरच होता. हे पान आता दोनशे घरांत राहणार. कागद सुटे आहेत, उडून जातील.

कार्यक्रम संपल्यावर सुमनताई गर्दीतून वाट काढत आल्या. चेहरा फुललेला होता.

“चाचा, मुलांना काय आवडलंय हो! मीच चुकले. पुढच्या वर्षी हेच छापू आपण, पहिल्या पानावर. आजच घेऊन जाते वही. फक्त एकदा जरा हात फिरवावा लागेल.”

जास्मिनने वही छातीशी घट्ट धरली. तिने मान वरसुद्धा केली नाही.

“नंबर लागेल,” ती म्हणाली. “तुमच्या आधी टेम्पो आहे.”