बाराचं दार

सारजाबाईच्या लेकीचं, नकोशीचं, लग्न झालं ते पंचावन्न सालच्या वैशाखात. त्याच वर्षी गुळाच्या हंगामात तिचा थोरला भाऊ रावजी घाटात मालमोटार उलटून गेला, आणि पुढच्या चैत्रात, इंदापूर रस्त्यावरच्या माळवाडीला, बापूसाहेबांच्या गॅरेजचं दार भर दुपारी बारा वाजता आपलं आपण उघडायला लागलं.

ती वेळ अशी की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. माळावरचा वारा भट्टीचं तोंड उघडल्यासारखा अंगावर येतो. पण त्या दिवसांत बाराच्या आत गॅरेजपुढं दोन-तीनशे माणूस बसलेलं असायचं. पणदऱ्याकडची माणसं यायची, लोणी देवकरची यायची, कुणी बैलगाडीतून म्हातारं माणूस झोपवून आणायचं. सगळ्यांचे डोळे दारावर. मग धुळीचा लोट रस्ता ओलांडायचा, छपराचे पत्रे थरथरायचे, आणि तात्याबा देवऋषी उठून उभा राहायचा. हातातला लोखंडी चिमटा दाराच्या खांबावर तीनदा हाणायचा आणि हाळी घालायचा, "रावजी, आलास का रं बाबा?"

आत खटका वाजायचा. आणि ते चार गड्यांना न पेलणारं फळ्यांचं दार, कुणाचा हात न लागता, कुरकुरत वर चढायचं.

माणसं भुईला कपाळ टेकायची. टेकायची नाहीत ती दोघंच. एक रावजीची आई सारजाबाई. ती उठून, फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन दाराखालून आत जायची, रावजी जिथं मोटार उभी करायचा तिथं भाकरी ठेवायची, दोन शब्द बोलायची आणि बाहेर यायची. दुसरा तिचा धाकटा लेक भिमा. तो मागं टायरांच्या ढिगाला टेकून उभा असायचा, कारण त्या गॅरेजचा मिस्त्री तोच होता आणि दार का उघडतं ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

या घरानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली. बाप गेल्यावर सारजाबाईनं मेंढरांचा खांडवा विकला आणि दोन्ही पोरं मोटारीच्या धंद्यात घातली. रावजी चालक झाला. भिमा लढाईच्या दिवसांत पुण्याकडं एका कारखान्यात हातोडी-पान्याचं काम शिकून आला. गॅरेजचं दार त्यानंच बसवलं होतं. लष्कराच्या मोडीत निघालेलं ते दार बापूसाहेबांनी लिलावात घेतलं होतं. ते बाजूला सरकत नसे, सबंध वर जात असे. दोन्ही अंगांना तारेचे दोर, वर कप्प्या, आणि दोरांच्या दुसऱ्या टोकांना लाकडी खोक्यांत लोंबणारी लोखंडाची वजनं. विहिरीच्या रहाटाला जसा भार तोलतो, तसं. दार आणि वजनं सारखी तोललेली, म्हणून एका हातानं दार वर जायचं. खाली आलं की एक खटका त्याला धरून ठेवायचा.

दहा वर्षांत त्या खटक्याचा दात झिजला होता. माळावरच्या उन्हानं फळ्या वाळून हलक्या झाल्या होत्या, वजनं होती तेवढीच राहिली. दुपारी वारा सुटला की दार हलायचं, झिजलेला दात निसटायचा, आणि जड वजनं हलक्या दाराला वर ओढायची. इतकंच. ज्या दिवशी वारा कमी, त्या दिवशी तात्याबाचा चिमटा कामाला यायचा. खांबाला तीन हादरे बसले की खटका बहुतेक सुटायचा. वारा आणि चिमटा दोन्ही कमी पडले, तर तात्याबा म्हणायचा, आज कुणीतरी विटाळाचं आलंय. मग सगळी माणसं एकमेकांकडं बघायची.

रावजी बाराच्या सुमाराला माल टाकून परत यायचा, हे खरं होतं. तो भोंगा वाजवायचा आणि भिमा दार वर करायचा. मोटार उलटली तेव्हा रावजीला घाटातच माती दिली. घरी कळलं तवर तीन दिवस उलटले होते. आईनं लेकाचं तोंड पाहिलं नाही. त्यानंतर तीन-चार महिने ती धड जेवली नाही, की कुणाशी धड बोलली नाही. दार पहिल्यांदा आपोआप उघडलं तेव्हा ती भिमाची भाकरी घेऊन आली होती. हातातली दुरडी तिथंच ठेवून ती म्हणाली, "आला." आणि त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवली.

पुढच्या बाजाराला तात्याबा हजर.

त्याची बतावणी ऐकण्यासारखी होती. तो सांगायचा की हा आत्मा मोटारवाला आहे, याला तुपाचा दिवा चालत नाही, घासलेटाचा लावा. हा लांबून घाट चढून येतो, त्याचं इंजन तापलेलं असतं, तर त्याला पाणी घाला. मोटार थांबली की इंजनात पाणी घालतात हे सगळ्यांनी पाहिलेलं. म्हणून बाया घागरीच्या घागरी आणून, तारेचा दोर खोक्यात उतरतो तिथं ओतायच्या. वरून तेलात कालवलेला शेंदूर. रोजचा एक थर. चैत्र सरता सरता दोन्ही दोर मनगटाएवढे जाड आणि लालभडक झाले. वरून शेंदूर, आतून पाणी, मधे लोखंड.

भिमानं फाल्गुनातच दोर तपासला होता. सहा पेडांतले दोन तुटलेले होते. त्यानं बारामतीहून नवा दोर आणि नवा खटका आणूनही ठेवला. पण आता शेंदराखाली किती पेड उरलेत ते दिसेना, आणि दोराला हात लावायला गेलं की माणसं अंगावर यायची. बापूसाहेबांना त्यानं सांगून पाहिलं. त्यांनी कानाला हात लावले, म्हणाले, गावाच्या तोंडाला कोण लागतो.

एकदा त्यानं तात्याबालाच बाजूला घेतलं. दोर कुजत चाललाय, खाली माणसं असतात, हे पाणी बंद कर, म्हणाला. तात्याबानं चुन्याची डबी काढली, तंबाखू मळली.

"मिस्त्री, तुला ठावं हाय, मला बी ठावं हाय," तो हळूच म्हणाला. "मी आज गाव सोडतो. पन तुज्या आयला आदी इचार, तिला कुनाचं खरं पायजेल. तुजं का माजं?"

भिमानं आईला विचारलं नाही.

त्याची बायको छबूबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. भाकरी थापता थापता रोज ऐकवायची. "सगळ्या मुलखाच्या मोटारी दुरुस्त करता. सोताच्या घरातलं येक खोटं दुरुस्त हुईना व्हय? सांगा की त्यास्नी. रडतील चार दिस."

"जेवाय लागलीया ती," भिमा म्हणायचा.

"जेवत्यात, पन रावजी भावजींचं ताट वाढून जेवत्यात. त्ये बरं हाय का?"

वैशाख लागला. वारा आणखी वाढला. एका रविवारी दार वर चढताना डावीकडनं तार कडाडल्याचा आवाज आला. टाळ-झांजांत तो कुणाला ऐकू गेला नाही. भिमाला गेला. संध्याकाळी तो आईजवळ ओट्यावर जाऊन बसला. सारजाबाई तांदूळ निवडत होती.

"आयं, उद्या म्या दाराचा दोर बदलनार. खटका बी."

तिचा हात थांबला नाही. "मग दार उगडंल का?"

"आपुन उगडलं तर उगडंल."

तिनं सुपातले तांदूळ बोटांनी पसरले. मग म्हणाली, "म्हंजे त्यो येत न्हाय."

"न्हाय, आयं. वारा येतो. दात झिजलाय खटक्याचा."

"मला वाटायचं कवा कवा," ती म्हणाली. "भाकरी तितंच असायची. मुंग्या लागायच्या. पन म्या म्हनायची, मेल्यालं मानूस भाकरी खाईल कशी, वासच घेनार." सुपातला एक खडा तिनं उचलून लांब टाकला. "तू कवापास्नं जानतुयास?"

"पयल्या दिसापास्नं."

तिनं लेकाकडं पाहिलं. रागानं नाही. मेंढरू चुकलं तर मेंढक्याकडं बघावं तसं. "उद्या येक दिस ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "म्या त्याला घाटात बी निरोप द्याय गेली न्हाय. उद्या सांगती, आता येऊ नगंस म्हनून. परवा बदल."

भिमाला तार कडाडलेली ऐकू आलेली होती. तरी तो म्हणाला, बरं. एका दिवसानं काय होतंय, असं त्याच्या मनात आलं. आईला तिच्या लेकाचा निरोप घ्यायचा होता आणि तो नाही म्हणू शकला नाही.

सोमवारी तात्याबा दुसऱ्या गावाला गेलेला. गर्दी थोडी. चिमटा नाही, हाळी नाही. बाराला वारा सुटला आणि दार वर गेलं. सारजाबाई उठली. रोज ती चटकन आत जाऊन चटकन यायची. त्या दिवशी तिच्या हातात भाकरी नव्हती. ती दाराच्या बरोबर खाली उभी राहिली, आतल्या अंधाराकडं तोंड करून, आणि बोलत राहिली. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. भिमा मागं उभा होता. तिचं होईस्तवर हाक मारायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. मग वर काहीतरी सुटल्याचा आवाज झाला आणि तो धावला. डावीकडचा दोर तुटला, सगळा भार उजवीकडच्यावर आला, तोही तुटला आणि दार खाली आलं. भिमा चार पावलांवर होता.

दुसऱ्या दिवशी तात्याबा आला. रावजीनं आपल्या आईला नेलं, असं त्यानं सांगितलं, आणि त्याच जागेवर दोघांचं ठाणं बांधायचं ठरवून टाकलं. गाव रडलं आणि गावाला ते पटलंही. मायलेकराची भेट झाली म्हणून बायका डोळे पुसू लागल्या. खोटं असं असतं. ते माणूस मारतं आणि वर आपणच सांत्वनाला येतं.

तेराव्याला पंगत बसायच्या आधी भिमानं सगळ्यांना गॅरेजपुढं बोलावलं. दार पुन्हा उभं केलेलं होतं. फळ्या त्याच, वजनं तीच, दोर नवे. खटका मात्र जुनाच. तुटलेला दोर त्यानं घोंगडीवर मांडला होता. पटाशीनं शेंदूर खरवडून काढलेला. आत तांबडा भुसा झालेला. ज्यांनी पाणी घातलं होतं त्या बायांनी तो हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला.

मग त्यानं एक चिमटा म्हाताऱ्या फुलाबाईच्या हातात दिला. तिला एकाच डोळ्यानं दिसायचं.

"आत्या, खांबावर हाना. नाव कुनाचं बी घिऊ नगा."

तिनं भीत भीत तीनदा हाणलं. दार वर गेलं. मग कुणाकुणाला हाणायला दिलं. एकानं तर आपल्या म्हशीचं नाव घेतलं, तरी दार वर गेलं. कुणी हसलं नाही. मग भिमानं जुना खटका काढला, सगळ्यांपुढं फिरवला. दात बोटानं चाचपा, म्हणाला. तो घासून गुळगुळीत झालेला. नवा बसवला, दार खाली घेतलं आणि तात्याबाला म्हणाला, "आता तुमी."

तात्याबा उठला. हाणलं, हाळी घातली, अंगारा उधळला. बारा वाजले, माळावरचा वारा आला, पत्रे थरथरले, धूळ डोळ्यांत गेली. दार हललं नाही. तुमचा देवावरचा भाव मेला, असं काहीतरी पुटपुटत तो वळला आणि झोळी उचलून रस्त्याला लागला. त्याला कुणी अडवलं नाही, की पोचवायला गेलं नाही. दोन-तीनशे माणसं त्या बंद दाराकडं बघत तशीच बसून राहिली. ते उघडावं असं अजूनही त्यांतल्या निम्म्यांना वाटत होतं. भिमालाही वाटत होतं.

"चोर त्यो येकटा न्हाय," भिमा म्हणाला. "त्यानं तर पीठ-गूळ खाल्ला. मला ठावं आसून म्या गप बसलो. आय जेवतीय म्हनून."

गोष्ट ऐकणाऱ्या बाबांनो, आयाबायांनो, लोखंड झिजतं. त्याला शेंदूर नको, तेल हवं, आणि झिजलं की बदलावं लागतं. जे आपोआप घडतंय असं वाटतं, त्याच्या मागं जाऊन बघा. कप्पी असेल, वारा असेल, कुणाचा चिमटा असेल. बघायची भीती वाटली तर कुणाला तरी बरोबर घ्या. आणि ज्याला खरं कळलंय त्यानं ते त्याच दिवशी सांगावं. समोरचं माणूस रडेल. रडू द्यावं. रडणारं माणूस जिवंत असतं.

रावजी घाटात मालमोटार उलटून डिसेंबर १९५५ मध्ये वारला. त्याची आई सारजाबाई २१ मे १९५६ रोजी, सोमवारी, दुपारी बाराच्या पुढं, माळवाडीच्या गॅरेजमध्ये दार अंगावर पडून वारली.