अकरा डावांची लय

बुद्धिबळात घोडा अडीच घरं चालतो, म्हणून ऑनलाइन खेळताना त्याने ‘अडीच’ हे नाव घेतलं. पुढे ते त्याला असं चिकटलं की बायकोसुद्धा रागावली की ‘अहो अडीच’ म्हणायची. पोटापाण्यासाठी तो एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा आणि फ्रेममध्ये बसवायचा. काम नाजूक, पगार बेताचा. पण संध्याकाळी घरी येऊन लॅपटॉप उघडला की हा माणूस वेगळाच. अर्ध्या तासाच्या डावात भल्याभल्यांना पाणी पाजायचा. घोडं अडत होतं ते तीन मिनिटांच्या डावांत. तिथे प्रत्येकाला अख्ख्या डावासाठी तीनच मिनिटं. ती संपली की हरलात, मग पटावर तुमची कितीही मोहरी का उभी असेनात. या झटपट डावांत त्याचं रेटिंग बावीसशे चाळीसवर येऊन बसलं होतं आणि वर्षभर तिथून हलायचं नाव घेत नव्हतं.

त्यातच क्लबची निवड जाहीर झाली. पाच झटपट डाव, रविवारी सकाळी, ऑनलाइन, आपापल्या घरून. साडेतीन गुण मिळवले तर मुख्य संघात, नाहीतर आणखी एक वर्ष राखीव. चार वर्षं राखीव म्हणून काढल्यावर माणसाला स्वतःचीच लाज वाटू लागते. तेव्हा तीन आठवडे हाताशी होते आणि त्याने ताईला फोन केला. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं ते हेच, पण ते त्याला त्या वेळी कळलं नाही.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. कपडे शिवण्याच्या कारखान्यात तिचं काम वेळ मोजायचं. कॉलर लावायला किती सेकंद, बाही जोडायला किती, बटण टाकायला किती, हे ती स्टॉपवॉच घेऊन एकेका मशीनशेजारी उभी राहून टिपायची आणि वेळ कुठे गळतोय ते शोधून काढायची. मुली स्वतः भरून देत ते वेळेचे कागदही तीच तपासायची. मशीनवरच्या मुली तिला पाठीमागे घड्याळबाई म्हणत. बुद्धिबळातलं तिला हत्ती सरळ जातो एवढंच माहीत होतं.

“तुला खेळातलं काही कळायला नको,” तो म्हणाला. “माझा वेळ कुठे जातो तेवढं बघ.”

“आकडे मिळतील?”

“साइटवर सगळं असतं. कुठल्या चालीला किती सेकंद, कुठली चाल चुकली, तेही.”

“मग दीडशे डाव दे. कमी नको. चार डावांवरून सांगायला मी ज्योतिषी नाही.”

त्याने गेल्या दीड वर्षातले दीडशे डाव सरसकट पाठवून दिले. जरा चाळून पाठवावेत, असं त्याच्या मनातही आलं नाही. जे आठवायचं नसतं ते माणूस किती सफाईने विसरतो.

आठवड्याने ताई कागदांची चळत घेऊन आली. कानावर पेन्सिल, बगलेत पॅड. चहा घेण्याआधीच तिने टेबलावर तक्ते पसरले आणि त्याची साल काढायला सुरुवात केली. सुरुवातीच्या दहा चाली याला तोंडपाठ, तरी त्यांत तीस सेकंद घालवतो. आणि चूक झाली की पुढच्या चालीला बारा-बारा सेकंद.

“तेव्हा तू पुढचा विचार करत नसतोस. झालेल्या चुकीचं सुतक पाळत बसतोस,” ती म्हणाली. “आमच्याकडे नवीन मुली असंच करतात. टाका चुकला की त्याच्याकडे बघत राहतात.”

अडीच थक्क झाला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो पुढे काही विचारणार, तेवढ्यात ताईने तळाचा एक कागद वर काढला. त्यावर हिरव्या पेन्सिलीने काढलेली रेघ होती, जवळजवळ सरळ.

“आणि आता हे बघ. मागच्या वर्षीचे अकरा डाव. पंधरा दिवसांतले. सोपी चाल असो की अवघड, चार नाहीतर पाच सेकंद. सगळे जिंकलेत. अरे, काय लय आहे. हे तू करून दाखवलं आहेस, म्हणजे तुझ्यात ते आहे. आपल्याला फक्त इथे परत जायचंय.”

 ते अकरा डाव त्याचे नव्हतेच. मागच्या वर्षी लागोपाठ हरून रेटिंग दीडशेने घसरलं होतं आणि अंगाची आग झाली होती. तेव्हा त्याने दुसऱ्या मोबाईलवर बुद्धिबळाचा प्रोग्राम घेतला, समोरच्याची चाल त्यात भरायची आणि तो सांगेल ती चाल पटावर खेळायची. यंत्राला सोपं काय आणि अवघड काय, सगळं सारखंच. भरायला आणि खेळायला मिळून चार-पाच सेकंद लागत. आपलं गेलेलं परत आणतोय, यात चोरी कसली, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. मग साइटने दुसऱ्याच एका खेळाडूला याच कारणासाठी हाकललं, आणि याचे हातपाय गार पडले. कानाला खडा लावला, प्रोग्राम काढून टाकला. पश्चात्ताप वगैरे काही नाही. निव्वळ भीती.

“त्या पंधरा दिवसांत काय करत होतास?” ताईने पेन्सिल सरसावली. “झोप? खाणं? बसायचास कुठे?”

खरं सांगायची वेळ ती होती. एक वाक्य पुरलं असतं. पण ताईचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

“सकाळी फिरायला जायचो,” तो म्हणाला.

“किती?”

“अर्धा तास. आणि कोमट पाणी प्यायचो. आणि... खिडकीजवळ बसायचो. पाठीला उशी घेऊन.”

ताईने सगळं लिहून घेतलं. उशीसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला तिचा फोन. उठलास का, निघालास का. बायको दारात उभी राहून त्याला बूट घालताना बघायची.

“अहो, मागच्या वर्षी तुम्ही कधी फिरायला जात होतात? आठ वाजता तुम्हाला पाणी मारून उठवायला लागायचं.”

“ताईसमोर बोलू नकोस हं हे.”

“का?”

“नको म्हटलं ना.”

तिने मान जराशी तिरकी केली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोसमोर तो चोरासारखा जिना उतरला. अर्धा तास गल्लीच्या टोकाला बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिला आणि चेहऱ्यावर नळाचं पाणी मारून घाम आल्यासारखं करून परतला. एकदा थाप मारली की तिला रोज खाऊपिऊ घालावं लागतं.

संध्याकाळी ताई कारखान्यातून थेट त्याच्याकडे यायची. तो खिडकीजवळ, पाठीला उशी, आणि ती मागे स्टुलावर. दर साडेचार सेकंदांनी ती पेन्सिल पॅडवर टक् करून वाजवायची आणि त्या ठोक्याला त्याने चाल करायची. परिणाम व्हायचा तोच झाला. जिथे एका क्षणात चाल दिसत होती तिथे तो ठोक्याची वाट बघायचा, आणि जिथे पंधरा सेकंद लागायला हवे होते तिथे घाईने वजीर घालवून बसायचा. दहा दिवसांत रेटिंग एकवीसशे सत्तरवर आलं.

ताईने त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही. “माझंच कुठेतरी चुकतंय,” ती म्हणाली, आणि दोन दिवस रजा टाकून तिने दीडशे डाव पुन्हा पहिल्यापासून मांडले. तिला मोजून वर्षाला बारा रजा. त्यातल्या दोन तिने त्याच्या खोटेपणावर खर्च केल्या, आणि तो समोर बसून चहा पीत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला अगदी खरोखर वाटलं. तरी तो बोलला नाही. आता इतके दिवस गेल्यावर सांगणं आणखी अवघड झालं होतं, आणि उद्या ते त्याहून अवघड होणार हेही त्याला दिसत होतं.

शनिवारी संध्याकाळी ताई आली ती हसतच.

“आज गंमत झाली. तुझ्या त्या हिरव्या रेघेच्या तक्त्याची प्रत मी कारखान्यात लावलीय. नवीन मुलींना दाखवायला, की हात कसा सारखा चालला पाहिजे. तर एक जण म्हणते कशी, ‘मॅडम, आमच्यापैकी कुणी असा कागद दिला असता तर तुम्ही म्हणाला असतात, हा कॅन्टीनमध्ये बसून भरलाय.’ सगळ्या खिदळायला लागल्या.”

“मग?” त्याने विचारलं.

“मग काय. मी म्हटलं, अगं, तो माझा भाऊ आहे.”

तिने पॅड उघडलं, स्टॉपवॉच शून्यावर आणलं. अडीच लॅपटॉपकडे बघत होता. पाठीमागची उशी त्याला टोचायला लागली. त्याने ती काढून जमिनीवर ठेवली.

“ताई, ते अकरा डाव मी खेळलो नाही.”

“म्हणजे?”

“दुसरा मोबाईल मांडीवर घेऊन बसायचो. डाव्या हाताने त्यात चाली भरायचो. तो सांगायचा ते खेळायचो. फिरणं, पाणी, सगळं खोटं.”

तो एका दमात बोलला आणि थांबला. ताई रागावेल, ओरडेल, पॅड आपटेल, याची त्याने दोन आठवडे मनाशी तयारी केली होती. ताईने यातलं काही केलं नाही. तिने तो हिरव्या रेघेचा कागद चळतीतून काढला आणि बराच वेळ, आकड्यांवरून बोट फिरवत, ओळीमागून ओळ वाचला.

“चार, पाच, पाच, चार, पाच,” ती हळूच म्हणाली. “पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. माणसाचा हात असा चालतच नाही.”

“ताई, चूक माझी आहे.”

“तुझी आहेच. पण मी एकोणीस वर्षं लोकांचे असले कागद फाडत आलेय. एका नजरेत. तोंडावर. एकीची बढती घालवली मी अशा एका कागदापायी.” तिने हिरव्या रेघेवर बोट टेकवलं. “आणि हा मी भिंतीवर लावला. त्या पोरीला दिसलं, मला नाही दिसलं. तुझा म्हणून मी बघितलंच नाही.”

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लाज त्याला वाटायला हवी होती, ती तिला वाटत होती, आणि ती तिच्या अंगावरून उतरवून घ्यायचा काही मार्ग त्याला सापडेना. ताईने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. “उद्या नऊला ना? येते मी,” एवढंच म्हणाली आणि चहा न घेताच गेली.

रविवारी ती बरोबर पावणेनऊला आली आणि मागच्या स्टुलावर बसली. पेन्सिल वाजवली नाही. नुसते आकडे टिपत राहिली. पहिला डाव त्याने जिंकला, दुसरा हरला. तिसऱ्यात उंट फुकट गेला. बारा सेकंद सुतक पाळायची सवय उसळून आली, पण त्याने ती गिळली, पुढची चाल दोन सेकंदांत केली आणि डाव बरोबरीत सोडवला. चौथा जिंकला. अडीच गुण. पाचवा जिंकायलाच हवा होता.

समोरचा त्याच्याहून शंभर-सव्वाशेने वरचा होता. सोळाव्या चालीला अडीच चौदा सेकंद थांबला आणि त्याने हत्ती देऊन टाकला. नंतर घोडा दिला. मग त्याला सगळं लख्ख दिसत गेलं. एक सेकंद, दोन सेकंद, एक सेकंद, चाली हातातून सुटत गेल्या, समोरचा राजा पटाच्या मध्यावर उघडा पडला आणि सत्ताविसाव्या चालीला समोरच्याने डाव सोडला. साडेतीन. इतका सुंदर डाव अडीच आयुष्यात खेळला नव्हता. कुणाचीही मदत न घेता, फक्त त्याचा स्वतःचा.

हसत हसत तो मागे वळला.

ताई पटाकडे बघत नव्हती. पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली होती, मान जराशी खाली वाकलेली, आणि नजर टेबलाखाली, त्याच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हातावर होती. तो वळल्याचं तिच्या लक्षात आलं तशी ती दचकली, ओशाळली, आणि तिने घाईने शेवटचा आकडा लिहून टाकला.

अडीचने तो हात उचलला आणि बोटं पसरून टेबलावर ठेवला. त्यात काहीच नव्हतं.

“छान झालं,” ताई कागदाकडे बघत म्हणाली.