दाढीवाले काकेसिओला नाहीत

विल्डबीस्टचे, म्हणजे गुरांसारख्या दिसणाऱ्या दाढीदार हरणांचे, कळप कुठल्या माळावर व्यायला थांबणार, हे एनडुटूच्या सगळ्या सफारी ड्रायव्हरांत मेपुकोरीला सर्वांत आधी कळायचं. वीज कुठे चमकली, गवत कुठे फुटेल, वारा कुठून फिरला, एवढ्यावर तो महिनाभर आधी सांगायचा की पाहुण्यांना फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आणा की तिसऱ्या. कॅम्पची मालकीण, अरुशा शहरातली फ्लाविया मामा (तिकडे बाईला मानाने मामा म्हणतात), त्याच्या शब्दावर बुकिंग घ्यायची. तो स्वतः कधी बढाई मारत नसे, पण दुसऱ्या कुणी त्याचं कौतुक केलं तर अगदी मन लावून ऐकत बसे. त्याची खोड होती ती हीच.

आता माळावरचा एक रिवाज सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं फुकट. ड्रायव्हर लोक वायरलेसवर जनावरांना टोपणनावं वापरतात. विल्डबीस्ट म्हणजे दाढीवाले. बिबट्या दिसला तर लपवा, चित्त्याबद्दल खुशाल थापा मारा, त्याचं कुणी मनावर घेत नाही. आज तू मला फसव, उद्या मी तुला. पण दाढीवाल्यांबद्दल खोटं बोलायचं नाही. कारण वायरलेस एकटे ड्रायव्हर ऐकत नसतात, गुराखीही ऐकतात. दाढीवाले जिथे वितात तिथे त्यांच्या पिलांच्या शेंबडातून, डोळ्यांच्या पाण्यातून गवताला रोग लागतो. पिलांना काही होत नाही. तिथे चरलेल्या गाईचे मात्र काही आठवड्यांनी डोळे पांढरे होतात, नाक वाहतं आणि ती मरते. औषध नाही. म्हणून त्या दिवसांत मसाई गुराखी आपली गुरं घेऊन डोंगरावर बसतात, तिथलं गवत संपलं तरी दात आवळून बसतात, आणि माळ रिकामा झाल्याची वाट बघतात.

मेपुकोरीचा थोरला भाऊ किमिरेई असाच एंडुलेन गावाच्या वरच्या डोंगरावर बसला होता. गाई त्याच्या, म्हणजे घराच्या. त्यांच्या दुधावर म्हातारी आई येयो, किमिरेईची बायको, पोरं, सगळी जगत होती. मेपुकोरीचं लग्न त्यांतल्याच गाई मुलीकडच्यांना देऊन झालेलं. गेल्या साली मेपुकोरीने भावाला कॅम्पचा जुना वायरलेस आणून दिला होता. वर म्हणाला होता, "दादा, म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. माझा आवाज ऐक आणि गुरं हलव."

त्या साली पाऊस उशिरा आला आणि एकदम काकेसिओच्या माळाच्या बाजूला पडला. कळप तिकडेच जाणार हे मेपुकोरीने ओळखलं. फ्लाविया मामाकडे तेव्हा मोठे पाहुणे आले होते. माळावर दुसरी एकही गाडी दिसणार नाही, असं तिने त्यांना छातीठोक कबूल केलेलं.

"दुसऱ्या कॅम्पच्या गाड्या मागे लागल्या तर मी तोंड कुठे लपवू?" सकाळी चहा ओतताना ती म्हणाली. "त्यांना गोल नावाच्या त्या डोंगराकडे पाठव."

"मामा, दाढीवाल्यांचं खोटं बोलत नाहीत."

"कोण बोलत नाही? तू बोलला नाहीस म्हणून कुणी बोलत नाही, असंच ना?" ती हसली. "अरे, तुझ्या शब्दावर सगळे डोळे मिटून जातात. म्हणून तर तुला सांगते."

झालं. एवढ्यावर गडी विरघळला. त्याने वायरलेस उचलला आणि शांतपणे सांगितलं, "दाढीवाले काकेसिओला नाहीत. सगळे गोलकडे सरकलेत. काकेसिओ रिकामं आहे."

भाऊ आठवला का त्याला? आठवला, खोटं कशाला सांगू. पण दादा डोंगरावर आहे, म्हातारे त्याला खाली उतरू द्यायचे नाहीत, संध्याकाळी फोन लावून सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. संध्याकाळी पाहुण्यांनी त्याला आपल्यात बसवलं, त्याचं कौतुक केलं, त्याच्या पाठीवर थापा मारल्या. फोन खिशातच राहिला.

दोन दिवसांनी काकेसिओच्या माळावर पिलं पडायला लागली. चहूकडे माद्या आडव्या होत होत्या, ओली पिलं धडपडत उभी राहत होती, आणि खरंच दुसरी गाडी नव्हती. फ्लाविया मामा पुढच्या सीटवर खुशीत होती. मागे एक जाडजूड पाहुणा भलामोठा कॅमेरा गुडघ्यावर घेऊन बसला होता. तोच आधी म्हणाला, "तिकडे गाई आहेत."

मेपुकोरीने मान वळवली. टेकाडावरून गाई उतरत होत्या, आणि त्यांच्या मागे काठी खांद्यावर टाकून किमिरेई. त्याला ओळखायला मेपुकोरीला चेहरा बघावा लागला नाही, चाल पुरली.

"आम्ही गाई बघायला आलोय का?" पाहुणा कुरकुरला. "सगळे फोटो बिघडतील."

"मेपुकोरी, उतर आणि हाकलून दे त्यांना," फ्लाविया मामा म्हणाली. "लवकर कर."

तो उतरला आणि धावत सुटला. किमिरेईने त्याला पाहिलं आणि तो मनापासून हसला. "अरे मेपू, तू इकडे कुठे? बघ, काय गवत आहे. डोंगरावर गाई माती चाटत होत्या. म्हातारे म्हणत होते उतरू नकोस, दाढीवाल्यांचा वास येतोय. मी म्हटलं, माझा भाऊ स्वतः बोललाय."

"दादा, गाई मागे घे. मागे घे म्हणतो ना."

तेव्हा किमिरेईने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. माळभर दाढीवाले होते. त्याच्या पुढच्या गाई तोवर त्यांच्यात मिसळल्याही होत्या. वाकड्या शिंगाची तांबडी गाय, येयोची लाडकी, आईपासून चुकलेल्या एका पिलाजवळ थांबली. पिलू अजून ओलं होतं, पायात पाय अडकत होते. गाईने मान खाली घातली आणि आपलंच वासरू असल्यासारखं ती त्याला चाटायला लागली, तोंड, नाक, डोळे, सगळं. मागे गाडीतून कौतुकाचे आवाज आले आणि कॅमेरे कटकट वाजायला लागले. आता गाडीतल्या कुणाचीच गाईंबद्दल तक्रार नव्हती.

किमिरेईने काठीने तिला ओढून काढली. मग बाकीच्या. घाई त्याने केली नाही, घाई करून आता मिळायचं काय होतं?

"आवाज तुझाच होता ना?" त्याने विचारलं.

"दादा, ते तुझ्यासाठी नव्हतं. बाकीच्यांना सांगत होतो मी."

"मी बाकीच्यांतलाच निघालो मग," किमिरेई म्हणाला आणि गाई घेऊन टेकाड चढून गेला.

मेपुकोरी गाडीत परत आला तेव्हा जाडजूड पाहुण्याने त्याला फोटो दाखवला. गाय पिलाला चाटते आहे, असा. "सहलीतला सगळ्यात सुंदर क्षण," तो म्हणाला. मेपुकोरीने मान हलवली. त्या मेल्याला काय सांगणार होता तो?

सगळ्यात वाईट काय, तर त्यानंतर काही झालं नाही. गाई चांगल्या खात होत्या, दूध देत होत्या. येयो रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांना हात लावून बघायची आणि म्हणायची, स्वच्छ आहेत. मग एका सकाळी वाकड्या शिंगाच्या गाईच्या डोळ्यावर साय धरली. ती कुंपणावर जाऊन आदळली. त्यानंतर रांगच लागली.

मेपुकोरी रजा काढून घरी पोचला तेव्हा झाडाखाली कुळातले जाणते बसले होते. मसाईंत ज्याची गुरं जातात त्याला कुळातल्यांनी एकेक गाय द्यायची, ही जुनी चाल. शेजारचा सांगाऊ सगळ्यात जास्त गाईंचा धनी, आधी बोलायचा मान त्याचा. त्याने मेपुकोरीला येताना पाहिलं आणि आवाज चढवला.

"या, साहेब आले. बसायला खुर्ची आणा रे त्यांना, जमिनीची सवय राहिली नसेल." मग किमिरेईकडे वळून म्हणाला, "तुझ्या गाई दुष्काळाने मेल्या असत्या तर दिल्या असत्या. सिंहाने खाल्ल्या असत्या तर दिल्या असत्या. तुमच्या तर घरच्याच जिभेने खाल्ल्या. आम्ही दिलेल्या गाईही उद्या हा पाहुण्यांना दाखवायला न्यायचा. भावाकडे माग, त्याला टीप चांगली मिळते."

दोघेतिघे हसले. बाकीच्यांनी हसणं गिळलं, पण गाय कुणीच कबूल केली नाही. सांगाऊ उठताना किमिरेईच्या पोराच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "दूध लागलं तर ये रे माझ्या कुंपणाशी. शेळीचं देईन."

किमिरेईने पोराचा हात धरला आणि तो कुंपणात निघून गेला. मेपुकोरीला वाटलं होतं तो मारेल, निदान थुंकेल तरी. कॅम्पवरून त्याने मक्याच्या पिठाचं पोतं आणि एक घोंगडी आणली होती, ती त्याने येयोपुढे ठेवली.

"हे कुणाचं?" म्हातारीने चाचपून विचारलं.

"मामांनी दिलंय. तुमच्यासाठी."

"तिला सांग, पोहोचलं," येयो म्हणाली. "आणि तू पुन्हा आलास तर पाहुणा म्हणून ये. पाहुण्याला आम्ही हाकलत नाही."

गाई नसलेला माणूस माळावर करणार काय? शेवटी मेपुकोरीनेच शब्द टाकला आणि किमिरेई कॅम्पवर पहारेकरी लागला. अंगाला गुंडाळायचा लाल शुका, हातात भाला, गळ्यात फ्लाविया मामाने बाजारातून आणलेले मणी. पाहुणे आले की मसाई नाचाच्या उड्या मारायच्या, ते त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे. तो सगळं करायचा. भावाशी तो कामापुरतं बोलायचा, तेही नीट, साधं. मेपुकोरीला तर वाटायला लागलं होतं की दादाने पोटात घातलं.

वर्ष फिरलं. पाऊस पुन्हा काकेसिओकडेच पडला आणि पाहुणे पुन्हा मोठे होते. फ्लाविया मामाने मेपुकोरीला तंबूबाहेर बोलावलं.

"तुझ्या आवाजाचा आता काही उपयोग नाही," ती सरळ म्हणाली. "तू काकेसिओ रिकामं म्हटलंस की सगळे तिकडेच धावतील. भावाला बोलायला सांग. ज्याच्या गाई गेल्या तो दाढीवाल्यांचं खोटं बोलेल, असं कुणाच्या मनातसुद्धा येणार नाही."

"मामा, हे नका करायला लावू त्याला."

"बरं. मग दोघंही घरी बसा. गाई आहेतच सांभाळायला."

मेपुकोरी वायरलेस घेऊन गेटपाशी गेला. दादा नाही म्हणेल, याची त्याला खात्री होती. नाही म्हणावं, वायरलेस तोंडावर फेकून मारावा, असंच त्याला मनातून वाटत होतं. नोकरी गेली तर गेली. त्याने खाली बघत सगळं सांगितलं.

किमिरेईने भाला कुंपणाला टेकवला आणि हात पुढे केला. "आण इकडे."

"दादा, विचार कर."

"केलाय."

त्याने वायरलेस तोंडाशी धरला. आवाज अगदी रोजचा होता. "मी किमिरेई बोलतोय. दाढीवाले काकेसिओला नाहीत. मी स्वतः बघून आलोय, सगळे गोलकडे आहेत. काकेसिओ रिकामं आहे. गवत घोट्याच्या वर आलंय, दोन दिवसांत आणखी वाढेल." मग त्याने बटण सोडलं आणि वायरलेस भावाला परत दिला.

फ्लाविया मामा लांबून हात उंचावून शाबासकी देत गाड्यांकडे निघाली होती. मेपुकोरी तिथेच उभा राहिला. ड्रायव्हरांना गवताशी काय करायचं असतं?

"दादा, मी तुला दिलेला वायरलेस कुठे आहे?"

"तो होय?" किमिरेईने भाला उचलला, शुका नीट केला. "सांगाऊला दिला. काय देऊ म्हणून विचारत होता. म्हटलं, काही नको, नुसता माझा आवाज ऐकत जा. खूश झाला. मनाने मोठा आहेस म्हणाला."

"त्याची पोरं आहेत रे, दादा. लहान आहेत."

"माझीही लहानच होती," किमिरेई म्हणाला. "जा, तुझे पाहुणे थांबलेत."

गाडीतून हॉर्न वाजला. मेपुकोरी जाऊन स्टिअरिंगमागे बसला. फ्लाविया मामाने त्याच्या पाठीवर थाप मारली. गाडीतला वायरलेस त्याच्या गुडघ्याजवळ लटकत होता, हात लांब केला की पोचेल इतका. काकेसिओचा माळ दिसेपर्यंत त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.