कल्हई उडालेली डेग

मी एक जुनी पितळी डेग आहे, मित्रांनो. डेग म्हणजे मोठ्या पोटाचं, तोंडाशी जरा आवळलेलं, दोन बाजूंना दोन कड्या असलेलं पातेलं. शंभर माणसांची आमटी माझ्यात एका वेळी शिजायची. हे सांगताना मला अजून थोडा ताठा येतो, पण तो मनावर घेऊ नका. माझी गोष्ट गोड नाही. ती सांगायची माझी इच्छाही नव्हती, पण खरं काय झालं ते माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही.

एका कारागिराने पितळेचा पत्रा ठोकून ठोकून माझं पोट काढलं. त्या ठोक्यांच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. तिथून मी जालन्याला मस्तगडच्या एका भांड्यांच्या दुकानात आले. दुकानदाराने मला पुढेच मांडलं होतं, म्हणून मी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे तोऱ्यात बघायचे. एक दिवस रामकिसन आणि चतुराबाई हे नवराबायको आले. त्यांना मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेजवळ, खानावळ काढायची होती. दुकानदार म्हणाला, ॲल्युमिनियमचं न्या, हलकं असतं. चतुराबाईने बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केलं आणि म्हणाली, "हीच पायजे. आवाज बघा कसा खणखणीत हाय."

रामकिसनने मला डोक्यावर घेतलं. रस्त्यात भेटेल त्याला तो सांगत होता, "उद्यापासून खानावळ चालू. जेवायला या."

पुढची कितीतरी वर्षं मी चुलीवरून उतरले नाही म्हटलं तरी चालेल. येसर आमटी ही चतुराबाईची खासियत. डाळी आणि मसाले भाजून दळायचे, त्या पिठाची दाट आमटी करायची आणि सोबत ज्वारीची भाकरी. मोंढ्यातले हमाल यायचे, टेंभुर्णीहून माल घेऊन आलेले ड्रायव्हर यायचे, खोली करून राहणारे विद्यार्थी यायचे. बुद्ध पौर्णिमेला सगळ्या गल्लीची खीर माझ्यातच व्हायची. त्या दिवशी चतुराबाई मला हळदीकुंकू लावत नसे, पण पदराने पुसायची. मला तेवढं पुरे होतं.

आता कल्हईचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पितळ बाहेरून कितीही देखणं असलं तरी त्याचा स्वभाव वाईट. आंबट पदार्थ त्याला लागला की पितळातलं तांबं त्या पदार्थात उतरतं आणि अन्न विषारी होतं. म्हणून आतून कथलाचा पांढरा थर द्यावा लागतो. त्यालाच कल्हई म्हणतात. आमच्या गल्लीत वर्षातून दोनदा शब्बीरचाचा कल्हई करायला यायचे. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, बाजूला भाता. मला तापवून ते नवसागराची चिमूट टाकत, पांढरा धूर उठे, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने भराभर पुसत. मी आतून पांढरीशुभ्र व्हायचे. निघताना ते दर वेळी तेच बजावायचे, "बाई, आंदरसे पिवळी दिसली की आंबट टाकू नको. बिलकुल नको." चतुराबाई हसून म्हणायची, "चाचा, किती डाव सांगसाल?"

मग स्टीलची पातेली आली. ती घासायला सोपी, उचलायला हलकी. शब्बीरचाचा वारले. त्यांच्या मुलांनी वेल्डिंगचं दुकान टाकलं, भाता कोणी हाती घेतला नाही. मी आधी माळ्यावर गेले, नंतर चतुराबाईची सून शीतल हिने मला खाटेखाली सरकवलं आणि माझ्यात कांदे भरले. कांद्यांशी माझं काही भांडण नाही, पण दहा वर्षं त्यांच्या वासात काढणं सोपं नसतं. माझी कल्हई कधीच उडून गेली होती. आत काळपट डाग होते. कोणी बघत नव्हतं, आणि मीही बघा म्हणत नव्हते.

मग प्रितम आला. हा एका शाळेत शिकवणारा तरुण मास्तर, आणि त्याला खाण्याचा मोठा नाद. दर रविवारी जालन्यातलं एक नवं ठिकाण शोधायचा. बसस्टँडजवळचे पोहे, जुन्या जालन्यातली बिर्याणी, बाजाराच्या दिवशीची भजी. खायचं आणि मोबाइलवर त्याचा व्हिडिओ करायचा. माणूस वाईट नव्हता. गरिबांच्या हातची चव लोकांपर्यंत पोचावी असं त्याला मनापासून वाटायचं. चतुराबाईच्या येसर आमटीचा व्हिडिओ त्याने टाकला आणि पुढच्या रविवारी खानावळीसमोर मोटारी उभ्या राहिल्या. रामकिसन धोतराला हात पुसत पुसत सगळ्यांना सांगत होता, "बसा, बसा, जागा होऊन राह्यली."

पुढच्या महिन्यात शहरात खाद्य महोत्सव भरणार होता. प्रितमने धडपड करून चतुराबाईला तिथे स्टॉल मिळवून दिला. सव्वीस वर्षं मोंढ्यातल्या लोकांना जेवू घालणारी बाई आता सगळ्या शहरासमोर उभी राहणार होती. रामकिसनने नवं पागोटं घेतलं. चतुराबाईने ठरवलं, अंबाडीची भाजी करायची. अंबाडी म्हणजे चांगलीच आंबट पालेभाजी. तिच्यात ज्वारीच्या कण्या घालायच्या आणि वरून करडईच्या तेलात लसणाची फोडणी.

तयारी बघायला आलेल्या प्रितमला खाटेखाली मी दिसले.

"मावशी, एवढी भारी वस्तू कांद्यात ठेवली? महोत्सवात हीच न्या. स्टीलच्या पातेल्याकडं कोण बघणार हाय?"

"तिला कल्हई न्हाई बाबा," चतुराबाई म्हणाली.

"मंग करून घेऊ की."

दोन दिवस रामकिसनने कल्हईवाला शोधला. अंबडला एक जण आहे असं कळलं, म्हणून तो अंबडला जाऊन आला. परत येऊन म्हणाला, "तो लेकीच्या लग्नाला गेल्ता. आठ दिवस येत न्हाई."

महोत्सव परवावर आला होता. चतुराबाईने खूप विचार केला आणि म्हणाली, "भाजी स्टीलमधीच शिजवू. हिच्यात फकस्त वाढायपुरती वतायची. अर्ध्या घंट्यात खलास होती. तेवढ्यानं काही होत न्हाई." शीतलने मला चिंच आणि राख लावून आतून बाहेरून घासलं. मी सोन्यासारखी झाले. प्रितमने मला आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "वा, आतूनबी तसंच." खरं तर आतला तो पिवळा रंगच भिण्याचा होता. पण दहा वर्षांनी कोणी माझं कौतुक करत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मी फुशारले.

महोत्सवाचं उद्घाटन अकरा वाजता होतं. दहा वाजता उकळती अंबाडी माझ्यात ओतली. खाली मंद आच ठेवली, कारण चूल पेटलेली दिसायला हवी होती. मैदानात माणसं जमली. अकरा वाजले, बारा वाजले, पण फीत कापायला येणाऱ्या पाहुण्यांचा पत्ता नव्हता. फीत कापल्याशिवाय कोणत्याही स्टॉलने वाढायचं नाही, असा नियम होता.

साडेबाराला चतुराबाई संयोजकांकडे गेली. सर्जेराव त्यांचं नाव.

"साहेब, भाजी आंबट हाय. पितळीत जास्त येळ ठिवता येत न्हाई. वाढायला लागू का?"

"मावशी, दहा मिनिटं. पाहुणे निघालेत."

"मंग परत स्टीलमधी काढून घेते."

"आता हलवाहलवी नको. पाहुणे पयल्यांदा तुमच्याच स्टॉलवर येणार. डेगीसंगं फोटो हाय तिथं."

ती परत आली. हातात डाव घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता काढेल. रामकिसन हळूच म्हणाला, "राहू दे. एवढा मान भेटलाय, पयल्याच दिशी वाद नको." तिने डाव खाली ठेवला.

मित्रांनो, अंबाडी माझं अंग आतून कुरतडत होती आणि मी थोडी थोडी तिच्यात उतरत होते. मला ते कळत होतं. भांड्याला तोंड असतं, पण ओरडता येत नाही, याचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

पाहुणे साडेतीनला आले. त्यांनी फीत कापली, माझ्याजवळ डाव धरून फोटो काढला आणि म्हणाले, आज माझा उपास आहे. मग गेले. चतुराबाईने झाकण सारलं तेव्हा भाजीच्या कडेने माझ्या अंगावर हिरवट रेघ उमटली होती. तिने बोट लावलं. शीतल म्हणाली, "आत्याबाई, अंबाडीचाच रंग हाय तो. लोकं थांबलेत, वाढा जल्दी." चतुराबाईला ते खरं मानायचं होतं, म्हणून तिने मानलं.

पहिला घास घेऊन एक जण म्हणाला, जिभेला कसंतरी लागतंय. प्रितम मोबाइलसमोर हसून बोलला, "हीच तर पितळी भांड्यातली खरी चव." मग लोक त्या चवीसाठीच रांगेत उभे राहिले.

अर्ध्या तासात पहिली बाई मंडपाच्या कडेला ओकली. मग तिचा नवरा, मग कॉलेजच्या दोघी. थोड्या वेळात तीस-पस्तीस माणसं पोट धरून बसली होती. गाड्या आल्या, लोकांना दवाखान्यात नेऊ लागले. आणि गर्दीतून एक आवाज आला, "ह्यांच्या हातचं खायला जायचंच कशाला? कोन्ही दिला ह्या लोकांना स्टॉल?" कोण बोललं ते मला दिसलं नाही. पण त्यावर दहा माना हलल्या, त्या मी पाहिल्या.

चतुराबाई थिजून उभी होती. रामकिसन मात्र पुढे आला. साठी ओलांडलेला माणूस, पण सव्वीस वर्षांत त्याने खानावळीतल्या कोणाशी आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तो सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं बोलला.

"हातात काही न्हाई आमच्या," तो म्हणाला. "सारा मोंढा जेवलाय ह्या हातचं. हे बघा, मी खातो तुमच्यासमोर."

त्याने ताटली घेतली. माझ्यात वाकून तळाशी राहिलेली भाजी खरवडून काढली. तळाची, चिकटलेली, सगळ्यात वाईट. चतुराबाई त्याच्या हाताला लोंबकळली, "नका हो, नका खाऊ, डेग हाय ती, डेग." ती काय म्हणतेय ते कोणाला कळलं नाही. त्याने तिचा हात बाजूला केला आणि सगळ्यांकडे बघत दोन ताटल्या खाल्ल्या. शेवटचा घास त्याला गिळवत नव्हता, तरी गिळला.

बाकीची सगळी माणसं सलाइन लावून दोन दिवसांत घरी गेली. रामकिसन तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं बंद पडली.

तपासणीसाठी मला पांढऱ्या कपड्यात बांधून, लाखेचा शिक्का मारून सरकारी खोलीत ठेवलं. दोन महिन्यांनी अहवाल आला. अन्न शिळं नव्हतं, तेलात भेसळ नव्हती, हात अस्वच्छ नव्हते. भाजीत तांबं उतरलं होतं. चार ओळींचा कागद. पेपरात आजारी पडलेल्यांची बातमी पहिल्या पानावर आली होती. ह्या चार ओळी कुठेच आल्या नाहीत. तोवर खानावळीला कुलूप लागलं होतं, आणि मोंढ्यातली जी माणसं तिथे वर्षानुवर्षं जेवली, तीही रस्ता बदलून जाऊ लागली होती.

अहवालानंतर मला घरी परत दिलं. मग प्रितम एकदा आला. उंबऱ्याशी बसला. म्हणाला, "मावशी, माझ्यामुळं झालं."

चतुराबाईने त्याला पाण्याचा तांब्या दिला. "कल्हई कशाला लागती ते तुला ठावं नव्हतं," ती म्हणाली. "मला ठावं होतं." एवढं बोलून ती आत गेली. मी कोपऱ्यात होते. त्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मागच्या आठवड्यात शीतल म्हणाली, "आत्याबाई, ही मोडीत देऊन टाकू. डोळ्यांसमोर नको."

"एवढी धड डेग कोन्ही मोडीत घालत न्हाई," चतुराबाई म्हणाली. "मोडवाला घासून दुसऱ्याला विकंल. मंग तिथं कोन्हीतरी कढी करंल हिच्यात."

तिने शेजारून छिन्नी आणि हातोडी मागून आणली. मला पायरीवर पालथं घातलं आणि भर दुपारी, सगळी गल्ली बघत असताना, माझ्या बुडाला तीन भोकं पाडली. ती रडली नाही. घाव नेमके आणि सावकाश घालत होती. शेजारच्या दैवशालाबाई म्हणाल्या, दुःखाने डोकं फिरलं बिचारीचं. शीतलला वाटलं, सासू डेगीवर राग काढतेय. मित्रांनो, तसं नव्हतं. ज्यांना ती कधी बघणार नाही अशा माणसांच्या ताटाची ती काळजी घेत होती. मला दुखलं, पण मी तिला नाही म्हटलं नसतं.

आता मी कोणाच्या कामाची नाही, म्हणून एवढंच मागते. जुन्या भांड्यांचं कौतुक जरूर करा, पण आधी आत वाकून बघा. आत पिवळं दिसलं तर त्यात दही नको, चिंच नको, अंबाडी तर नकोच. आणि चुकून आंबट घातलंच, तर कितीही मोठा पाहुणा वाटेवर असो, त्याच्यासाठी थांबू नका. तेव्हाच्या तेव्हा मातीत ओतून टाका, आणि कोणी काही म्हणालं तर म्हणू द्या.