नाजबूची झडती

"हात लावशील तर इथूनच परत जाईन," सनोबर म्हणाली आणि बुरख्याची कड मुठीत आवळून दारातच अडून राहिली. तिच्यामागे बायकांची रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती. सगळ्यांचे डोळे बुरख्याच्या जाळीआड होते, कान मात्र इकडेच लागले होते.

नाजबूने पुढे केलेले हात मागे घेतले. गावातल्या मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायचे काम तिचे. नवरा गेल्यावर तेच पदरी पडले. तेव्हापासून लग्नाचे बोलावणे नाही की कुणाचे तान्हे मूल मांडीवर नाही. आज मतदानाला येणाऱ्या बायकांची झडती घ्यायला दुसरी कुणीच तयार होईना, म्हणून गावाला तिची आठवण झाली.

परदेशी फौजेच्या साहेबाने गावच्या बैठकीत छातीवर हात ठेवून शब्द दिला होता की मतपेट्या उचलेपर्यंत आमच्या गाड्या शाळेपाशी राहतील. सकाळी पाहावे तर गाड्या पार टेकडीवर. तिथून सगळे दिसते म्हणे. तिथून पळायलाही बरे. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात!

"हिला नेमलं कुणी? त्या परक्यांनीच ना?" सनोबर रांगेकडे वळून म्हणाली. "बॉम्ब फुटला तर धंदा हिचाच चालायचा."

रांगेत कुणीतरी हसले. नाजबूच्या काळजाला घरे पडली. बाजारातल्या स्फोटानंतर सनोबरच्या सुनेला तिनेच धुतले होते, हाती आली तेवढी. ते ती कधी कुणाला बोलली नाही.

मतदान सांभाळणाऱ्या लतीफाबाई तिच्या कानाशी लागल्या. जाऊ दे तशाच, खाला, रांग मोडली तर बायकांची मतदानाची खोली बंद होईल, म्हणाल्या. पण नाजबू हटेना. बुरखा तो बुरखा, आत कोण नि काय, कुणी सांगावे? जन्माच्या ओळखीचीही आज तिला खात्री वाटत नव्हती. पुन्हा तसे तुकडे धुवायचे तिच्या जिवावर आले होते.

तिने डोक्यावरची चादर काढून बाकावर ठेवली आणि सनोबरपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"आधी माझी झडती घे. काही निघालं तर सगळ्या घरी जा. नाही निघालं, तर मला माझं काम करू दे."

सनोबरने मुठीतली बुरख्याची कड सोडली. मग पुढे आली. तिने वरवरचे काही केले नाही. खांदे दाबले, काखा चाचपल्या, कमरेचा पट्टा सोडायला लावला, वेणीत बोटे घालून पाहिली, पाठीवरून तळवा सावकाश खालपर्यंत फिरवला.

"काही नाही हिच्याकडे," तिने रांगेला सांगितले आणि स्वतःचे हात पसरले.

नाजबू जागची हलली नाही. नवरा गेल्यापासून तिच्या अंगाला माणसाचा हात लागला नव्हता.

"घे की, बहिणी," सनोबर म्हणाली. "मागं रांग आहे."

नाजबूचे डोळे मिटलेले होते. पसरलेले हात खाली घ्यायचे तिला सुचत नव्हते.