गुंडाळीचा पट्टा

मी चिडका आहे. धंदा शिंप्याचा, हात शांत, पण तोंड असं की गिऱ्हाईक आधी कारागिराला विचारतं, "मालकांचा मूड कसा आहे आज?" तरी आमच्या ज्यू मंडळींनी मला प्रार्थनालयाचा प्रमुख केलं आणि मीही मान ताठ करून झालो.

आमचे म्हातारे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, दर वर्षी ती गोष्ट सांगतात, आमच्या लोकांना गुलामीतून सोडवणाऱ्या पुढाऱ्याची. तहानलेले लोक कटकट करत होते. खडकाशी बोल, पाणी येईल, असं देवानं सांगितलं होतं. हा लोकांवर खेकसला आणि खडकावर काठी हाणली. तेवढ्यासाठी त्याला देवानं वचन दिलेल्या देशात पाऊल टाकता आलं नाही. मी दर वर्षी वाद घालायचो. "चाळीस वर्षं राबला बिचारा! एकदा चिडला तर एवढी शिक्षा?"

"तू-मी चिडलो तर माणूस चिडला," रब्बी म्हणायचे. "पुढारी चिडला की लोकांना वाटतं, देवच चिडलाय." मला ते कधी पटलं नाही.

त्या सोमवारी सकाळी वाचनासाठी प्रार्थनालयाच्या रखवालदार काकांनी कपाट उघडलं आणि पवित्र गुंडाळी धाडकन खाली पडली. दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळून पट्ट्यानं बांधलेलं, धर्मग्रंथ लिहिलेलं ते चामडं आम्ही तान्ह्या लेकरासारखं सांभाळतो. ते पडताना पाहणाऱ्यांनी उपास धरायचा असतो. सगळे जागच्या जागी थिजले. मी मात्र गरजलो, "डोळे फुटले का? एक काम धड होत नाही तुमच्याच्यानं! लाज वाटू द्या जरा!" सत्तरी ओलांडलेला माणूस, चेहरा पांढराफटक पडला. दुपारी प्रार्थनालयाच्या समितीनं ठरवलं, काकांनी काम सोडायचं आणि माडीवरची राहती खोलीही. पत्रावर सही माझी व्हायची होती.

मंगळवारी बायकोनं माझा कोट झटकला. "अहो, हे काय?" तिच्या हातात गुंडाळीचा पट्टा! रविवारी त्याची शिवण उसवलेली दिसली म्हणून मीच तो सोडून खिशात घातला होता. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. गुंडाळी तशीच, बिनपट्ट्याची, कपाटात टेकवली, तिला अडवून धरणारी आतली कडीही अडकवली नाही, दार लोटलं आणि निघालो.

खरं सांगतो, मला आधी काका आठवले नाहीत. पट्टा गुपचूप जागेवर कसा ठेवायचा, हेच डोक्यात आलं. मी तो शिवायला घेतला. बारीक टाके, एकदम सुबक. बायको शेजारी बसून बघत होती. "टाके झाले की तोंड उघडणार आहात ना?" म्हणाली. बुधवार मी तोंड न उघडता काढला. आजही तो दिवस आठवला की आरशात बघवत नाही.

गुरुवारी पुन्हा वाचन होतं. काका खाली आलेच नव्हते. चारचौघांत ओरडलो होतो, तर सांगायलाही चारचौघांतच हवं होतं. पट्टा हातात धरून उभा राहिलो. "गुंडाळी काकांनी नाही, मी पाडली," एवढंच कसंबसं निघालं. ते पत्र फाडलं, प्रार्थनालयाची किल्ली रब्बींपुढे ठेवली. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, "होतं असं" म्हणाले नाहीत.

"आधी वर जा," म्हणाले. "सोमवारपासून दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही तो."

अरे देवा, काकांना तर साखरेचा आजार! मी धापा टाकत जिना चढलो. काका खाटेच्या कडेला बसले होते, ओठ सुकलेले, पायाशी बोचकं बांधून तयार. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी मान हलवली.

"प्या हो काका. चूक माझी होती. पट्टा मी काढला, कडी मी लावली नाही. तुम्ही नुसतं दार उघडलंत. मग त्याच वेळी बोलला का नाहीत?"

त्यांनी ग्लास हळूच बाजूला सरकवला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कडी आधीच निघालेली आहे, असं मला वाटलं होतं," काका म्हणाले. "पण तुम्ही सगळ्यांसमोर एवढं बोललात. म्हटलं, प्रमुख सांगतायत, म्हणजे मीच पाडली असणार."